आधी हेड, मग इंजिन: स्पीडवेचं इंजिन घडवू पाहणाऱ्यांसाठी

घर पायापासून बांधतात. म्हणून इंजिन घडवायला निघालेला हौशी माणूसही पायापासून सुरुवात करतो. आधी क्रँककेस आखतो, मग क्रँकशाफ्टचं ड्रॉइंग काढतो, संगणकाच्या पडद्यावर ते गरगर फिरवून मित्रांना दाखवतो. दीड वर्षानं त्याच्याकडे एक देखणी फाइल असते, खिसा रिकामा असतो आणि इंजिन पेटलेलं नसतं. रायपूरच्या सदर बाजारात, सराफांच्या दुकानांमागच्या गल्लीत मी राहतो आणि इंजिनांच्या कामात हात काळे करतो, म्हणून अशी मुलं माझ्याकडे येतात. कुणी एनआयटीतलं, कुणी भिलाईचं, कुणी सुट्टीत मामाकडे आलेलं नागपूरचं. सगळ्यांना मी एकच सांगतो. नवं इंजिन करायचंय ना? मग आधी फक्त हेड करा. खालचा अर्धा भाग दुसऱ्या कुणाचा तरी, धावून सिद्ध झालेला, उचला.

हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. म्हणून पुढचं सविस्तर लिहितो.

कोणत्या शर्यतीसाठी?

स्पीडवे ही मोटारसायकलच्या शर्यतींमधली एक अगदी आखूड आणि विचित्र शर्यत. २६० ते ४२५ मीटरचा लंबवर्तुळाकार मातीचा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेनं. सगळं मिनिटाभरात आटोपतं. गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच. वळणावर मागचं चाक मुद्दाम सुटू द्यायचं आणि गाडी आडवी घसरवत न्यायची, हीच चालवण्याची रीत. गाडीचं किमान वजन ७७ किलो. इंजिन ५०० सीसीपर्यंतचं, एका सिलिंडरचं, फोर स्ट्रोक, आणि इंधन निव्वळ मिथेनॉल.

या नियमांतच इंजिनाचं अर्धं डिझाइन होऊन जातं. एका संध्याकाळी स्वार पाच-सहा शर्यती धावतो. म्हणजे इंजिनाला जीव तोडून काम करावं लागतं ते एकूण पाच-सात मिनिटं! मायलेज, धूर, थंडीत पटकन सुरू होणं, दहा हजार किलोमीटरचं आयुष्य, यांतलं काहीच लागत नाही. लागतं ते एकच. सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर जाते त्या क्षणी क्लच सुटल्यावर चाक मातीला धरून गाडी पुढे फेकली गेली पाहिजे. वळणातून बाहेर पडताना तेच पुन्हा. सुरुवातीच्या त्या तीस मीटरमध्ये जो पुढे तो बहुधा शेवटीही पुढे, कारण पुढच्याच्या चाकानं उडवलेली माती तोंडावर घेत कुणाला ओलांडणं सोपं नसतं.

आपल्याकडे स्पीडवेची नियमित लीग नाही. डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉसच्या शर्यती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या परवान्यानं होतात आणि त्यांचे गट, सीसीच्या मर्यादा, इंधनाचे नियम वेगळे असतात. तेव्हा पहिलं काम नियमपुस्तिका वाचण्याचं, आणि तीही चालू वर्षाची. इंजिन तयार झाल्यावर ते कोणत्याच गटात बसत नाही असं कळलं, तर दोष पुस्तिकेचा नसतो. परदेशी स्पीडवेच डोळ्यांसमोर असेल तर मुलांच्या वयोगटासाठी २५० सीसीचा गट असतो, हेही लक्षात ठेवा. छोट्या इंजिनात चूक स्वस्तात होते.

नील स्ट्रीटचं उदाहरण

या खेळाचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडला डिसेंबर १९२३ मध्ये झाला असं मानतात. १९२८ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला. दोन वर्षांत लंडनच्या टॉटनहॅममधल्या जे. ए. प्रेस्टविचच्या कारखान्यानं खास त्यासाठी ५०० सीसीचं इंजिन काढलं. तेच प्रसिद्ध 'जॅप'. ८० मिलिमीटर बोअर, ९९ मिलिमीटर स्ट्रोक. जवळजवळ तीस वर्षं या इंजिनाला कुणी हलवू शकलं नाही. मग चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव्ह गावातून यारोस्लाव्ह शिमंडलचं 'एसो' आलं. १९६४ मध्ये तो कारखाना जावामध्ये मिसळला. आयव्हन मॉजरनं १९६८, ६९ आणि ७० असे सलग तीन जागतिक किताब घेतले ते याच घराण्याच्या इंजिनांवर.

(आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतली म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी वेगळी. ती टू स्ट्रोक. दिविशोव्हच्या स्पीडवे इंजिनाशी तिचं नातं फक्त आडनावापुरतं.)

आता आपल्या कामाची गोष्ट. १९७०च्या दशकाच्या मध्यावर सगळे दोन वॉल्व्हची जावा चालवत होते. ऑस्ट्रेलियन स्वार नील स्ट्रीट यानं त्या जावाचा खालचा भाग तसाच ठेवला आणि त्यावर स्वतः घडवलेलं चार वॉल्व्हचं हेड बसवलं. क्रँककेस ओतली नाही, क्रँक घडवला नाही. त्याचा जावई फिल क्रंप त्या इंजिनावर १९७५ मध्ये ब्रिटिश लीगमध्ये असा काही धावला की दोन वॉल्व्हवाल्यांना आपलं इंजिन जुनं झाल्याचं कळून चुकलं. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या राय गावची वेस्लेक कंपनी चार वॉल्व्हचं पूर्ण इंजिन घेऊन उतरली आणि पीटर कॉलिन्सनं १९७६ मध्ये पोलंडच्या खोजूव इथं त्यावर जागतिक किताब जिंकला. पण हॅरी वेस्लेकची उभी हयात सिलिंडर हेडमधून हवा कशी वाहते हे शोधण्यात गेली होती. जग्वारच्या मोटारींची हेड त्याच्या हाताखालून गेलेली. पूर्ण इंजिन केलं खरं, पण त्याची ताकद होती वरच्या चार इंचांत.

आजही या खेळात जुझेप्पे मार्झोत्तोची जीएम आणि स्वित्झर्लंडच्या मार्सेल गेरहार्डची जीटीआर ही माणसांच्या नावानं ओळखली जाणारी इंजिनं आहेत. गेरहार्ड स्वतः स्वार होता. बलाढ्य कंपन्यांना इथं रस नाही, कारण खप नाही. छोट्या वर्कशॉपला जागा आहे ती त्यामुळेच.

खालचा भाग कुठला घ्यावा

आपल्याकडे सगळे आधी जुन्या बुलेटकडे वळतात. ५०० सीसी, एक सिलिंडर, सुटे भाग कुठेही मिळतात. पण बोअर ८४, स्ट्रोक ९० मिलिमीटर. इथे एक हिशेब वहीत लिहून ठेवा. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले दर सेकंदाचे फेरे. बुलेट मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर नेली तर हा वेग सेकंदाला ३० मीटर होतो. शांतपणे चालण्यासाठी घडवलेल्या क्रँकला आणि रॉडला हे झेपत नाही. रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. जुनं जॅप ९९ मिलिमीटर स्ट्रोकचं असूनही टिकलं, कारण सहा हजार फेऱ्यांवर त्याचा पिस्टन २० मीटरच्या आतच राहायचा.

आता चाकणला बनणारी केटीएम ३९० पाहा. जुन्या ३७३ सीसीच्या इंजिनाचं बोअर ८९ आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर. दहा हजार फेऱ्यांवर पिस्टनचा वेग सेकंदाला फक्त २० मीटर. नव्या इंजिनात स्ट्रोक ६४ केला आहे. म्हणजे स्पीडवेच्या इंजिनाला शोभेल असा, नव्वदीच्या घरातला पिस्टन तुमच्या शहरातल्या शोरूममध्ये उभा आहे. अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन भंगाराच्या बाजारात मिळतं. क्रँककेसला तडा नाही आणि क्रँक वाकलेला नाही, हे डायल गेज लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. अडचण एकच. गिअरबॉक्स त्याच खोक्यात आहे. स्पीडवेच्या खऱ्या गाडीत इंजिन वेगळं, क्लच वेगळा आणि मधे चेन. शिकण्यासाठी एकच गिअर अडकवून चालवलं तरी पुरे.

डर्ट ट्रॅककडे कल असेल तर रॉयल एनफिल्डचा धडाही बघण्यासारखा आहे. त्यांनी हिमालयनच्या ४११ सीसी इंजिनावर एफटी ४११ ही फ्लॅट ट्रॅकची गाडी उभी केली आणि घसरत चालवणं शिकवणारं स्लाइड स्कूल तिच्यावर चालवलं. ७८ बाय ८६चं, लांब स्ट्रोकचं, गरीब स्वभावाचं इंजिन. शिकणाऱ्यासाठी तेच बरं, कारण चाक सुटलं तरी ते अंगावर येत नाही.

वहीतलं इंजिन

लोखंडाला हात लावण्याआधी कागदावर तीन आकडे काढा. समजा पुढे कधीतरी स्वतःचं पूर्ण इंजिन करायचं आहे आणि ९० बोअर, ७८ स्ट्रोक ठरवलं. सिलिंडरचं घनफळ निघतं ४९६ सीसी. नियमात बसलं.

दुसरा आकडा कॉम्प्रेशनचा. मिथेनॉलवर १४ला १ इतकं कॉम्प्रेशन ठेवता येतं. त्यासाठी पिस्टन वर असताना उरणारी जागा हवी ३८.२ सीसी. ती एक सीसीनं कमी झाली की कॉम्प्रेशन १४.३ होतं, एक सीसीनं वाढली की १३.७. चहाच्या चमच्यात पाच सीसी मावतात. त्याच्या पाचव्या भागानं इंजिनाचा स्वभाव बदलतो. म्हणून चेंबरचं माप ड्रॉइंगवरून घ्यायचं नाही. हेड उलटं ठेवा, वॉल्व्ह बसवा, कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची भोक असलेली चकती दाबा आणि ब्युरेटनं पातळ तेल सोडा. ब्युरेट नसेल तर औषधाच्या दुकानातली सिरिंज. तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर वॉल्व्ह गळतोय किंवा तुम्ही घाई करताय.

तिसरा आकडा अश्वशक्तीचा, आणि इथे पोरं स्वतःला फसवतात. सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब १२ बार धरा, फेरे मिनिटाला १०,५००. ४९६ सीसीच्या फोर स्ट्रोकला निघते सुमारे ५२ किलोवॅट, म्हणजे ७० अश्वशक्ती. दाब १३ बार मिळवला तर ७६. कुणी तुम्हाला हवा न दाबता या मापाच्या इंजिनातून शंभर अश्वशक्ती काढून देतो म्हणाला, तर त्याला विचारा, दाब किती आणि फेरे किती? उत्तर आलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

हेड ओतणं आणि सराफांची गल्ली

रायपूर लोखंडाचं शहर आहे. उरला आणि सिलतराच्या भट्ट्या, तीसेक किलोमीटरवर भिलाई. पण तिथल्या कामाचं माप टनांत. दोन-तीन किलोचं ॲल्युमिनियमचं हेड, आत पाण्याचे आणि हवेचे वळणदार रस्ते, असलं नाजूक ओतकाम घेऊन गेलात तर मोठा फाउंड्रीवाला हसून चहा देईल. कोल्हापूरला जा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हा पट्टा ओतकामावरच जगतो. तिथेही बहुतेक भट्ट्या लोखंडाच्या, तेव्हा ॲल्युमिनियम ओतणारा निवडून शोधावा लागेल. धातू मागताना नुसतं 'ॲल्युमिनियम' म्हणू नका, एलएम २५ मागा. ओतल्यावर त्याची उष्णता प्रक्रिया झालीच पाहिजे. सुमारे ५३५ अंशांवर काही तास, मग पाण्यात बुडवणं, मग १५५ ते १७५ अंशांवर काही तास मुरवणं. ही पायरी गाळलेलं हेड दिसायला तसंच दिसतं, पण पहिल्याच दिवशी त्यातल्या वॉल्व्ह सीट ढिल्या होतात.

सदर बाजाराचा उपयोग इथे होतो. दागिने घडवणारा कारागीर मेणाचा नमुना करतो, त्याभोवती प्लॅस्टरचा साचा भरतो, मेण वितळवून काढतो आणि व्हॅक्यूम लावून सोनं ओततो. इंजिनाच्या रॉकरचा, कार्ब्युरेटरच्या जोडनळीचा, पोर्टच्या आतल्या आकाराचा नमुना असाच करता येतो. पोर्टचा आकार हाताला कळेपर्यंत पितळेत किंवा मेणात दहा वेळा करून पाहा, चूक झाली की वितळवा. मात्र त्या साच्यातून निघालेला पितळेचा रॉकर इंजिनात घालू नका. तो मापं जुळवण्यासाठी आहे, धावण्यासाठी नाही.

सराफाचा काटाही कामाचा. पिस्टन, पिन, रिंग आणि कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक, या वर-खाली धावणाऱ्या वजनाचा ठरावीक हिस्सा क्रँकच्या उलट बाजूला तोलावा लागतो. एका सिलिंडरच्या इंजिनाला पूर्ण तोल कधीच मिळत नाही. वर-खालीचा धक्का मारायला गेलात की तो पुढे-मागे फिरतो. समजा धावणारं वजन ४८० ग्रॅम आणि तोल ६५ टक्क्यांचा ठरवला, तर उलट बाजूला ३१२ ग्रॅमचा परिणाम हवा. रॉडचं वरचं टोक तोलताना रॉड आडवा, अगदी पाणसळीत धरायचा, खालचं टोक आधारावर आणि वरचं काट्यावर. रॉड जरा कलता राहिला की दहा-पंधरा ग्रॅमची चूक होते आणि मग काटा मिलिग्रॅमचा असून उपयोग नाही.

सोन्याचा कस दाखवणारं एक्स-रे यंत्र मात्र आपल्याला फारसं उपयोगी नाही. दुकानदार मित्र आग्रहानं तुमचं हेड त्याखाली धरेल आणि आकडेही येतील. पण ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन हे हलके धातू-अधातू पकडायला ते यंत्र लावलेलंच नसतं. मिश्रधातूची खात्री हवी तर नमुना धातूच्या प्रयोगशाळेत द्या. एनआयटी १९५६ मध्ये सुरू झालं तेच खाणकाम आणि धातुशास्त्राचं कॉलेज म्हणून. तिथे ओळख काढा.

हेड कायमचं बसवण्याआधी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवा, सगळं जुळवून क्रँक हातानं दोन फेरे फिरवा आणि उघडा. मातीत वॉल्व्हचे ठसे उमटलेले दिसतील. ठसा सर्वांत पातळ जिथे आहे तिथे ब्लेडनं कापून जाडी मोजा. इनलेला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर पुढे जाऊ नका. फेरे वाढले की स्प्रिंग मागे पडते, वॉल्व्ह उशिरा मिटतो आणि पिस्टनशी गाठ पडते. ती गाठ एकदाच पडते.

मिथेनॉल

या भागात मी जरा कडक बोलणार आहे.

मिथेनॉल हे विष आहे. थोडं पोटात गेलं तरी दृष्टी जाते, जास्त गेलं तर जीव. कातडीतूनही ते आत शिरतं. तोंडानं नळी ओढून टाकी रिकामी करण्याची आपल्याकडची सवय इथे कायमची सोडायची. ते १९१९च्या विषविषयक कायद्याखाली येतं आणि साठा-विक्रीला परवाना लागतो. 'ओळखीतून' आणलेला, चिठ्ठी नसलेला कॅन घरात ठेवू नका. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. आग लागली तर ज्वाळा दिवसा दिसत नाही, फक्त हवा थरथरताना दिसते. भर उन्हात काम करणाऱ्याला आपला हात भाजतोय हे आधी कळतं, आग नंतर. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून भरपूर पाणी हाच पहिला उपाय. पाण्याचे भरलेले ड्रम शेजारी असल्याशिवाय झाकण उघडू नका.

एवढं असून हे इंधन का? पेट्रोलच्या एका भागाला जाळायला १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला जेमतेम साडेसहा. म्हणजे त्याच हवेत दुपटीपेक्षा जास्त इंधन जातं. ते वाफ होताना पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषतं, सिलिंडरमध्ये शिरणारी हवा थंड करतं, थंड हवा जास्त मावते. शिवाय ते सहजी ठोकत नाही, म्हणून कॉम्प्रेशन वर नेता येतं. किलोमागे त्यात पेट्रोलच्या निम्म्याहून कमी उष्णता असूनही शक्ती वाढते ती यामुळे.

कामाच्या भाषेत याचा अर्थ असा. कार्ब्युरेटरचं जेट, फ्लोटची सुई, टाकीचा कॉक, नळी, सगळं दुपटीहून जास्त प्रवाहासाठी हवं. पोरं जेट मोठं करतात आणि कॉक जुनाच ठेवतात. मग दुसऱ्या फेरीत इंजिन उपाशी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टनला भोक. मिथेनॉल ॲल्युमिनियम आणि जस्त खातं, हवेतलं पाणी ओढतं. मी माझं पहिलं कार्ब्युरेटर असंच घालवलं. रात्री कंटाळा आला म्हणून तसंच ठेवलं, सकाळी आत पांढरी बुरशी धरल्यासारखा थर. तेव्हापासून दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करायची, मिनिटभर पेट्रोलवर इंजिन चालवायचं आणि मगच झोपायचं. तेलातही मिथेनॉल उतरतं, म्हणून प्रत्येक दिवसानंतर तेल बदला. स्पीडवेवाले पिढ्यान् पिढ्या एरंडेल वापरत आले, कारण धातूवर ते चिवटपणे धरून राहतं. खनिज तेल आणि एरंडेल एकमेकांत मिसळू नका, चिकटा होऊन वाहिन्या तुंबतात.

प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखायची पेट्रोलवाली युक्ती इथे फसते. मिथेनॉल प्लगवर रंगच ठेवत नाही. सराफाचं दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि प्लगच्या वाकड्या पट्टीवर उष्णतेची रेघ कुठवर आलीय ते बघा. वाकणाच्या आसपास असेल तर बरं. मुळापर्यंत गेली असेल तर इग्निशन फार आगाऊ आहे.

आणि रायपूरचा मे महिना विसरू नका. ४५ अंशांची हवा जानेवारीतल्या १५ अंशांच्या हवेपेक्षा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. जानेवारीत जुळवलेलं जेट मेमध्ये जड पडतं. वहीत प्रत्येक चाचणीपुढे तापमान लिहा, नाहीतर हेडच्या सुधारणेचं श्रेय तुम्ही हवामानाला द्याल किंवा उलट.

फ्लायव्हील: इथे घाई करू नका

रोड रेसिंगच्या माणसाला फ्लायव्हील हलकं हवं असतं. स्पीडवेत तेच हलकं फ्लायव्हील तुम्हाला सुरुवातीच्या रेषेवरच खड्डा खणत उभं ठेवतं. क्लच सुटताच हलकं इंजिन एकदम उसळतं, चाक मातीवर फिरकीसारखं फिरतं, माती मागे, गाडी तिथेच. जड फ्लायव्हीलमध्ये साठवलेली ऊर्जा चाकाला हळूहळू, लांबवून मिळते, आणि माती पकड धरते. उलट ट्रॅक ओला, घट्ट असेल तर जड फ्लायव्हील वळणातून बाहेर पडताना आळशी वाटतं. याला एकच बरोबर वजन नाही. म्हणून पहिल्याच डिझाइनमध्ये क्रँकच्या बाहेरच्या टोकावर बदलता येणाऱ्या चकत्यांची सोय ठेवा, पाच-सहा वेगवेगळ्या वजनांच्या.

पकड मोजायला फार खर्च नाही. पुढच्या आणि मागच्या चाकावर एकेक लोहचुंबक आणि हॉल सेन्सर, शिवाय काही शे रुपयांचं मायक्रोकंट्रोलर. दोन्ही चाकांच्या वेगातला फरक म्हणजे घसरण. तीस मीटर जायला लागलेला वेळ आणि घसरण, हे दोन आकडे तुम्हाला शक्ती मोजणाऱ्या डायनोपेक्षा जास्त सांगतील. मी पाहिलंय, डायनोवर तीन अश्वशक्ती कमी दाखवणारं इंजिन मातीवर तीस मीटरमध्ये पुढे निघालं. स्वाराला विचारा, पण त्याचं उत्तर लिहिल्यावर मगच घड्याळ दाखवा. आधी दाखवलं तर तो घड्याळाच्या मनासारखं बोलतो.

एका वेळी एकच बदल, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि संध्याकाळी सहा वाजता अंधार पडायला लागला की सगळे तो मोडतात. जेट, इग्निशन आणि चकती एकदम बदललीत तर ती चाचणी वहीतून खोडा. गाडी वेगात गेली असेल तरीही.

पहिल्यांदा पेटवताना

घराच्या गल्लीत नको. स्पीडवेच्या इंजिनाचा आवाज सायलेन्सर लावूनही शेजाऱ्यांचा अंत पाहणारा असतो. शहराबाहेर, उघड्या शेडमध्ये, पाण्याचे ड्रम आणि दुसरा माणूस सोबत असताना. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी. स्वार पडला की ती ओढली जाऊन ठिणगी तुटते. स्टँडवर पेटवतानाही ती बांधायची सवय लावा.

आधी ठिणगी बंद ठेवून इंजिन फिरवा आणि तेल हेडपर्यंत पोहोचलंय हे डोळ्यांनी बघा. मग पेट्रोलवर नव्हे, थेट मिथेनॉलवर पेटवा, कारण १४च्या कॉम्प्रेशनवर पेट्रोल भरलेलं इंजिन ताण पडताच ठोकायला लागतं. (रोजचं धुणं वेगळं. ते मिनिटभर, अगदी मंद चालीवर, थ्रॉटलला हात न लावता.) दोन मिनिटं मध्यम फेऱ्यांवर चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. टॅपेट, हेडचे नट पुन्हा तपासा. मग पुन्हा दोन मिनिटं.

त्यानंतर गरम असतानाच तेल काढा, पांढऱ्या एनॅमलच्या ताटात, आणि ते ताट उन्हात भिंगाखाली धरा. करडी, पिठासारखी धूळ असेल तर रिंग जागा धरत आहेत, चालेल. लोहचुंबकाला चिकटणारे चपटे कपचे असतील तर बेअरिंग उखडतंय. आणि पिवळे चमकणारे कण दिसले तर बाजूच्या दुकानातला सोनार कौतुकानं वाकून बघेल, पण ते रॉडच्या वरच्या टोकातल्या ब्राँझच्या बुशचे आहेत. त्याच दिवशी हेड उतरवा.